तार मेंदूत, खेपा लोकलने

शस्त्रक्रियेनंतरची कटकट

भारतात मेंदूत तार बसवून कंपवातावर उपचार करण्याची सुरुवात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत, पेडर रोडच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी केली. बदलापूर-अंबरनाथच्या रुग्णाला ‘डीबीएस’ची ही शस्त्रक्रिया जेवढी जड जात नाही, तेवढ्या नंतरच्या खेपा जातात. छातीत त्वचेखाली बसवलेल्या यंत्राचा प्रवाह हळूहळू जुळवावा लागतो. त्यासाठी अनेकदा गोळी न घेता या म्हणतात. म्हणजे अंग सर्वांत आखडलेलं असताना लोकल पकडायची आणि दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठायचं!

जागा

१९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला न्यूरोसर्जन बेनाबिद यांनी थॅलॅमसला वेगवान विद्युतस्पंदनं दिली आणि थरथर थांबली. आता कंपवातात तारेसाठी बहुधा सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा मेंदूतला भाग निवडतात. तो जेमतेम सेंटिमीटरभर लांब, त्यामुळे दोन-तीन मिलिमीटरची चूकही महागात पडते.

खूण

कोणाला फायदा होईल? जुनी कसोटी साधी आहे. रात्रीपासून औषध बंद ठेवायचं, सकाळी लेव्होडोपा हे कंपवाताचं औषध द्यायचं. हालचालींत साधारण एक-तृतीयांश सुधारणा दिसली, तर शस्त्रक्रियेतूनही आशा असते. दुसरी खूण विजेची: आजारात सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये सेकंदाला १३ ते ३० आवर्तनांच्या बीटा लहरी बळावतात, औषधाने मंदावतात. त्या वाचून प्रवाह आपोआप कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेला अमेरिकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्यता मिळाली. बदलापूरकराच्या खेपा कमी झाल्याच, तर अशाच यंत्रांमुळे होतील.

नैराश्यात मात्र

हेलन मेबर्ग आणि लोझानो यांनी २००५ मध्ये अशाच तारेने सहा नैराश्यग्रस्तांच्या मेंदूतल्या, उदासीनतेशी निगडित ‘क्षेत्र २५’ला प्रवाह दिला, चौघे सुधारले. पुढच्या मोठ्या चाचणीत तसं यश आलं नाही. बरं होण्याची विद्युत खूण २०२३ मध्ये मेबर्ग यांच्या गटाने दाखवली, तीही मोजक्या रुग्णांत. ती खूण रुजेपर्यंत आधार लक्षणांच्या प्रश्नावलीचाच. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार मानसिक आजारावरच्या अशा शस्त्रक्रियेला रुग्णाची संमती आणि संबंधित मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची मंजुरी लागते.

चिरफाड नको असेल तर चुंबकीय उत्तेजन, म्हणजे ‘टीएमएस’ आहे. चुंबक धरतात कपाळाच्या डाव्या बाजूला, पण मात्रा ठरते अंगठा केव्हा हलतो त्यावरून! मनाची मात्रा अंगठ्याने मोजावी लागते, एवढीच सध्याची मजल. आठवड्यातले पाच दिवस, चार ते सहा आठवडे जावं लागतं. म्हणून उल्हासनगरच्या रुग्णाने फीबरोबर केंद्राचं अंतरही आधीच विचारून घ्यावं.