व्हिडिओतला डॉक्टर खरा असला, तरी तुमची गोळी त्याला दिसत नाही

हिंगोली : सकाळच्या 'सुप्रभात'च्या फोटोंसोबत आता गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डॉक्टरांचे व्हिडिओही येतात. शुगर कशी कमी करायची, बीपीला काय खायचं, वजन कसं उतरवायचं. सल्ला मराठीत, फुकट, आणि त्यासाठी रोज बुडवून तालुक्याला जावं लागत नाही. म्हणून लोक ऐकतात. यातले बरेच डॉक्टर खरे असतात, सांगतात तेही कामाचं असतं. पण व्हिडिओ ऐकून चालू गोळ्यांचं आणि जेवणाचं गणित परस्पर बदललं, तर ते अंगाशी येतं.

दोन वेळा जेवणाची गोष्ट

महाराष्ट्रात अशा व्हिडिओंमुळे घराघरात पोहोचलेलं नाव म्हणजे डॉ. जगन्नाथ दीक्षित. ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला विचार त्यांनी पुढे नेला. तो असा : आपण काही खाल्लं की शरीरात इन्सुलिन सुटतं. दिवसभर तोंड चालू राहिलं तर इन्सुलिन वारंवार सुटतं आणि साठलेली चरबी वापरली जात नाही. म्हणून कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, 55 मिनिटांच्या आत जेवायचं. जोडीला 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. राज्याच्या लठ्ठपणाविरोधी मोहिमेचे ते ब्रँड ॲम्बॅसिडरही झाले.

याच काळात मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडं थोडं, पण ठरावीक अंतराने खा असं सांगत होत्या. दोघांवरून घराघरात वाद झाले. दोन जाणकारांचं मत वेगळं असू शकतं, कारण सगळ्यांची शरीरं आणि कामं सारखी नसतात.

क्लिपमध्ये काय सुटतं?

दीक्षितांच्या पूर्ण व्याख्यानात अटी आहेत. सुरू करण्याआधी एचबीए1सी आणि उपाशीपोटी इन्सुलिनची तपासणी करा. 18 वर्षांखालच्या मुलांनी, गरोदर बायांनी आणि टाईप 1 मधुमेहाच्या रुग्णांनी हे करू नये. पण एक तासाच्या व्याख्यानातून कुणी एक मिनिटाचा तुकडा कापतं, त्यात 'दोनदाच जेवा' एवढंच उरतं. अटी मागे राहतात.

खरा धोका इथे आहे

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने औषध घेतलं आणि जेवण टाळलं, तर रक्तातली साखर एकदम खाली येऊ शकते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, छातीत धडधडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. साखर 70 च्या खाली गेली की ही धोक्याची घंटा. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका कमी असतो. तुमची गोळी कोणती, ते स्ट्रिपवर लिहिलेलं असतं.

असं झालं आणि माणूस शुद्धीवर असेल, तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यायला द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर परत द्या. बरं वाटल्यावर काहीतरी खायला द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन लावा.

आपल्याकडे अजून एक गोष्ट आहे. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा भागात हळद काढणी आणि शिजवणी चालते ती उन्हाच्या तोंडावर. दिवसभर वाकून काम करणाऱ्याचं शरीर आणि खुर्चीत बसून काम करणाऱ्याचं शरीर एकाच मापाने मोजता येत नाही. शुगरच्या गोळ्या घेऊन उपाशीपोटी उन्हात राबणं जास्तच धोक्याचं.

बीपीचंही तसंच. मीठ कमी करणं चांगलं. आयसीएमआरच्या 2024 च्या आहार मार्गदर्शनात दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको असं सांगितलंय, म्हणजे साधारण एक छोटा चमचा. पण लसूण किंवा काढा सुरू केला म्हणून बीपीची गोळी बंद करायची नसते.

चेहरा खरा, आवाज खोटा

आता नामांकित डॉक्टरांचा चेहरा आणि आवाज कॉम्प्युटरवर तयार करून औषधं विकली जातात. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. देवी शेट्टी यांच्या नावाने असे व्हिडिओ फिरले, तेव्हा प्रकरण 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. 'मधुमेह मुळापासून बरा' अशी औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. त्यामुळे असा दावा आणि खाली पैसे भरायची लिंक दिसली, की सावध व्हा.

व्हिडिओ बघितल्यावर काय करायचं?

- डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक दिलाय का ते बघा. ॲलोपॅथी डॉक्टरांची नावं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या वेबसाईटवर शोधता येतात.
- तुकडा न बघता पूर्ण व्हिडिओ बघा. 'हे कुणी करू नये' हा भाग आहे का, ते शोधा.
- वय 30 च्या पुढे असेल तर गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात, शुगर आणि बीपी मोफत तपासून घ्या. आशाताईंना विचारलं तरी त्या सांगतील.
- लांब जाणं जमत नसेल तर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना ई-संजीवनीवरून डॉक्टरशी बोलणं करून द्यायला सांगा. ही सरकारी सेवा मोफत आहे.
- जाताना चालू गोळ्यांच्या स्ट्रिप आणि जुने रिपोर्ट सोबत न्या. व्हिडिओही दाखवा, 'हे मला चालेल का?' असं सरळ विचारा. जेवणाची वेळ बदलायची असेल तर गोळीचा डोस बदलायचा का, हे त्यांनाच ठरवू द्या.

आणि एखादा व्हिडिओ आवडला, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पाठवणार असाल, तर आधी एवढंच विचारा : त्यांना शुगरची गोळी चालू आहे का, आणि कोणती?