रेडिएटर गळतोय? कोलकात्यातला खर्च

गळती नेमकी कुठली?

गाडीखाली हिरवा किंवा गुलाबी ओघळ दिसला की ‘रेडिएटर गेला’ असे सांगून मेकॅनिक मोकळा होतो. पण फाटका पाइप, सैल क्लॅम्प किंवा वॉटर पंपही तसाच ओघळ सोडतो. पाइपचे काम शेकड्यांत भागते, रेडिएटरचे हजारांत जाते. म्हणून आधी प्रेशर टेस्ट करून घ्या. इंजिन थंड असताना झाकणाच्या जागी हातपंप लावून दाब देतात. कूलंट झिरपते ती जागा दिसते. ओघळ बिनरंगी असेल तर तो बहुधा एसीचा. कोलकात्याच्या दमट हवेत ते पाणी भरपूर ठिबकते.

झाळायचा की बदलायचा?

उत्तरपाड्याला बनणाऱ्या जुन्या ॲम्बॅसडरचा रेडिएटर तांब्या-पितळेचा. भोक पडले की झाळून घ्यायचे आणि टॅक्सी पुन्हा रस्त्यावर. २०१४ मध्ये ॲम्बॅसडरचे उत्पादन थांबले. आजच्या बहुतेक गाड्यांत जाळी ॲल्युमिनियमची, टाक्या प्लास्टिकच्या आणि मध्ये रबरी गॅस्केट. उष्णतेने प्लास्टिक ठिसूळ होऊन चिरते, त्यावर झाळ बसत नाही. एपॉक्सीचा लेप गॅरेजपर्यंत पोहोचायला पुरतो, एवढेच.

पैसे कशाकशाला?

लहान हॅचबॅकचा बाहेरच्या बाजारातला रेडिएटर साधारण अडीच ते पाच हजारांना पडतो. कंपनीचा घेतला किंवा गाडी मोठी असली तर आकडा बराच चढतो. मजुरी, नवे कूलंट आणि गरजेप्रमाणे झाकण व पाइप यांचे पैसे वेगळे. अंदाजपत्रक घेताना हे सगळे सुटे लिहून मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. मूळ किंमत ४,००० धरली तर ५,१२० ऐवजी ४,७२० होतात.

मल्लिक बाजारात जुने भाग स्वस्त मिळतात. दरवाजा, आरसा जरूर घ्या. जुना रेडिएटर माझ्या मते नको. आतल्या नळ्या गाळाने किती तुंबल्यात, ते बाहेरून कळत नाही. नवा घ्यायला जाताना जुना काढून सोबत न्या, कारण मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांचे रेडिएटर वेगळे असू शकतात.

तोवर गाडी चालवावी का?

नाही. काटा लालकडे गेला की एसी बंद करा, गाडी कडेला घ्या, इंजिन थांबवा. झाकण तापलेले असताना उघडू नका, उकळते पाणी अंगावर उडते. ट्रॅफिकमध्ये तसेच रेटले तर हेड वाकते, गॅस्केट जाते आणि बिल रेडिएटरच्या कितीतरी पट होते.