मोटर वर येतेय

"थांबा! क्लॅम्प बसू द्या आधी."

ताई हात वर करते आणि साखळी ओढणारे दोघे भाऊ जागच्या जागी थांबतात. बोअरवर तीन पायांची घोडी उभी आहे, तिला चैनपुली आणि आकड्याला कॉलम पाइप. अजून नऊ वाजायचे आहेत, पण मे महिन्यातलं कळसाडीचं ऊन केसिंगच्या लोखंडाला हात लावू देत नाही. बाजूला पांढऱ्या क्रॉप कव्हरखाली पपईची कोवळी रोपं ओळीनं उभी आहेत. परवा रात्री स्टार्टर ट्रिप झाला, तेव्हापासून ड्रिपच्या नळ्या कोरड्या पडल्यात.

मामा जाऊन आजचा अकरावा दिवस. काल प्रकाशाला, तापी-गोमाईच्या संगमावर दशक्रिया झाली. घरी मांडवात माणसं दारावर बसायला येतच आहेत. काका म्हणत होते, गंधमुक्ती होऊन जाऊ दे, मग शहाद्याहून मेकॅनिक आणू. ताईनं एवढंच विचारलं, "तोवर रोपं राहतील का, काका?" आणि ती शेडमधून पाइपपाने घेऊन बाहेर आली.

ताई मामांची थोरली मुलगी. सासर सुरतेला, उधन्याला. तिच्या पदराच्या टोकाला गाठ मारलेली आहे आणि त्या गाठीत चिनी मातीचे तीन किटकॅट फ्यूज आहेत. हा मामांचा नियम. मेन स्विच पाडून भागत नाही, फ्यूज काढायचे, आणि बोअरवर ज्याचा हात असेल त्याच्याच जवळ ठेवायचे. घरातला कुणी पेटीजवळ गेला तरी त्याला लाइन चालू करता येऊ नये. मामांच्या शर्टाचा खिसा या फ्यूजनी कायम फाटलेला असायचा आणि मामी तो शिवत बसायची.

पहिला पाइप सुटतो. सालदार तो खांद्यावर घेऊन बांधाला आडवा ठेवतो. मी केबल गुंडाळत जातो. केबल पाइपाला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेली आहे. दर हातभर अंतरावर एक गाठ, आणि सगळ्या गाठी एकाच बाजूला. एवढ्या खोल अंधारात कोण बघणार होतं? तरी एकही गाठ चुकवलेली नाही.

स्टार्टरच्या पेटीचं झाकण उघडं आहे. आतल्या बाजूला मामांनी ऑइलपेंटनं लिहून ठेवलंय: बोअर किती फूट, कुठे खडक लागला, मोटर कधी उतरवली, कधी वर काढली, बेअरिंग कधी बदललं. सगळ्यात वरची ओळ जुन्या विहिरीची आहे. 1972 च्या दुष्काळात ती खोल करताना मामा शाळकरी पोर होते, आजोबांबरोबर आत उतरून गाळाच्या पाट्या भरायचे. त्या विहिरीवर त्यांनी मोट हाकलेली, किर्लोस्करच्या इंजिनाला हँडल मारलेलं, पुढे पाच एचपीची मोटर बसवलेली. विहीर आटली तसा बोअर आला. पाणी खाली गेलं तसतसे मामा नवं काही शिकत गेले. गळीत हंगामात पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात फिटरच्या हाताखाली राबले, तिथून वेल्डिंग घेऊन आले. त्या वेल्डिंगचं पहिलं काम अजून घरात आहे: मामीचे गुडघे दुखायला लागले म्हणून मोरीत उभ्यानं भांडी घासता यावीत असा लोखंडी ओटा.

मांडवात येणारा प्रत्येक जण त्यांच्या हातांचं कौतुक करतो. कुणाचा फवारणीपंप, कुणाचं शिलाई मशीन, कुणाच्या लेकराचा पाळणा. ते सगळं खरं. पण मला त्यांची दुसरीच गोष्ट मोठी वाटते. वस्तू दुरुस्त करून त्यांनी नुसती परत दिली नाही कधी. समोरच्याला बसवायचे, त्याच्याकडून एकदा खोलून घ्यायचे, परत जोडून घ्यायचे. घाईतली माणसं वैतागायची. आमच्या मामी, दोन्ही सुना, नाती, सगळ्यांकडून त्यांनी फ्यूजची तार बांधून घेतलीय. मुलींना हे कशाला, असं कुणी म्हटलं की मामा उत्तरच द्यायचे नाहीत, पक्कड मुलीच्या हातात द्यायचे.

"हे बघ." ताई केबल माझ्या हातातून घेते. एका जागी पट्टी तुटलीय, केबल केसिंगला घासून साल निघालंय, तांबं हिरवं पडलंय. मोटर जळलेली नाही. सिरीजमधला बल्ब लावून ती तिन्ही कोर तपासते आणि पहिल्यांदाच दीर्घ श्वास सोडते.

आता सगळे तिच्या बोटांकडे बघतात. खराब तुकडा ती कापून टाकते. तिन्ही तारा लहानमोठ्या कापते, एक आखूड, दुसरी त्याहून लांब, तिसरी सगळ्यात लांब. तीन जोड एका रांगेत आले तर पाणी शिरताच एकमेकांना धरतात. तांबं कानशीनं घासून उजळ करते, पीळ घालते, वर ताणून रबरी टेप, त्यावर दुसरी टेप. धाकटी भाची शेजारी उकिडवी बसून टेपचं टोक धरते. तिला कुणी बोलावलेलं नाही. मोटरीत स्वच्छ पाणी भरायचं राहिलंय, ही आठवणही तीच करून देते.

पाइप पुन्हा एकेक करून खाली जातात. मी पट्ट्या बांधतो. ताई दोनदा माझी गाठ सोडून नव्यानं बांधायला लावते.

लाइन आलीय. पदराची गाठ सुटते, फ्यूज जागेवर बसतात, हिरवं बटण दाबलं जातं. पाइपातून हवा फुसफुसते, मग गढूळ धार येते.

"पानी उनं!" सालदार ओरडतो.

धार मात्र मरतुकडी आहे. भावांचे चेहरे उतरतात. ताई लगेच बंद करते, फ्यूज काढून गाठीत बांधते आणि दोन वायरींची अदलाबदल करते. मोटर उलटी फिरत होती. पुन्हा बटण, आणि आता पाणी पाइपाच्या तोंडातून लांब, भरून पडतं. धाकटी भाची ड्रिपचे व्हॉल्व्ह उघडायला पळते.

मामी मांडवातून उठून बांधापर्यंत आलीय. पाण्याकडे ती बघत नाही, पेटीजवळ जाऊन उभी राहते.

"अँपिअर किती घेतेय?"

"14, आई."

"तिन्ही फेजला सारखे?"

"सारखे."

"मग राहू दे चालू. आणि चला, हातपाय धुवा, सारंगखेड्याची मंडळी आलीत."