पन्नाशीतली पहिली बॅच

पुणे, ठाणे किंवा नागपुरात सकाळी सहाच्या योगवर्गात 'श्वास घ्या, हात वर' म्हणणारी व्यक्ती अकरा वाजता कुठे असते? कुणी बँकेच्या काउंटरमागे, कुणी शाळेत फळ्यासमोर, कुणी घरगुती डब्यांच्या व्यवसायात. चाळिशी-पन्नाशी गाठलेल्या अनेकांनी नोकरी किंवा घर सांभाळत व्यायाम शिकवायला सुरुवात केली आहे. मुलं मोठी झालेली असतात, कर्जाचे हप्ते संपत आलेले असतात आणि सकाळचे दोन तास प्रथमच आपले असतात.

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. श्रीयोगेंद्रांनी १९१८ साली मुंबईत 'द योग इन्स्टिट्यूट' सुरू केली, तेव्हा संसारी माणूसच त्यांच्या डोळ्यांसमोर होता. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं आणि योगक्रियांचा शरीरावरचा परिणाम प्रयोगशाळेत तपासायला घेतला. नागपूरचं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ किंवा ठाण्याचं घंटाळी मित्र मंडळ यांसारख्या संस्थांचे वर्ग तर कामधंदा सांभाळून शिकवणाऱ्या साधकांच्या जोरावर वाढले. तेव्हा ही सेवा होती. आता तिला मानधन मिळतं आणि मानधन आलं की जबाबदारीही वाढते.

वय कुणाच्या बाजूने?

जिममधला पंचविशीतला ट्रेनर पाहून पन्नाशीतला माणूस बिचकतो. पण सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सकाळी कोण येतं ते पाहा. गुडघे कुरकुरणारे, मधुमेहाची गोळी सुरू झालेले, रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावर झोप उडालेल्या बायका. भारतात मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेल्याचं आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासात दिसलं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा सरावही सुचवते. हे ज्यांनी करायचं आहे, त्यांना अवघड कसरती करून दाखवणारा शिक्षक नको असतो. खुर्चीवरून हात न टेकता उठणं अवघड का जातं, हे समजणारा हवा असतो. ते समजायला स्वतःचं वय उपयोगी पडतं, पण तेवढ्याने भागत नाही.

शिकायचं कुठे?

योगाकडे कल असेल तर आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षा आहेत. पहिल्या पातळीला २०० तासांचा, तर दुसरीला ४०० तासांचा अभ्यासक्रम असतो. कैवल्यधामात राहून शिकता येतं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा योगशिक्षक पदविका अभ्यासक्रम नोकरदारांना सोयीचा आहे. पुण्याच्या अय्यंगार परंपरेत मात्र प्रमाणित शिक्षकाच्या हाताखाली काही वर्षं काढल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. झुम्बाचं प्राथमिक प्रशिक्षण थोडक्यात आटोपतं, पण त्या नावाने वर्ग घ्यायचे तर परवाना लागतो. त्यात ज्येष्ठांसाठी 'झुम्बा गोल्ड' हा संथ प्रकारही आहे. वजनांचं प्रशिक्षण द्यायचं असेल तर शरीररचना आणि स्नायूंचं काम पक्कं शिकवणारी संस्था निवडावी. वाट कुठलीही धरा, सीपीआर आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्यायलाच हवं.

करणं वेगळं, करवून घेणं वेगळं

वर्षानुवर्षं नियमित व्यायाम करणारी माणसं पहिल्याच वर्गात गडबडतात. समोर तोंड करून शिकवताना तोंडाने 'उजवा हात' म्हणायचं आणि आपला डावा उचलायचा, म्हणजे समोरच्यांना आरशात पाहिल्यासारखं सोपं जातं. सूचना हालचालीच्या आधी द्यायची, नंतर नाही. डोळे मिटून स्वतःच्या श्वासात रमायची मुभा नसते, कारण मागच्या ओळीत कुणाचा तरी गुडघा आत वळलेला असतो.

आणखी एक गोष्ट अनुभवाने कळते. प्रत्येक बॅचमध्ये सगळं स्वतः करून दाखवणारा शिक्षक लवकर जायबंदी होतो. पन्नाशीतल्या खांद्याला दिवसातून तीनदा सूर्यनमस्कारांची आवर्तनं झेपतीलच असं नाही. एकदा दाखवावं, मग चालत फिरत शब्दांनी शिकवावं. वर्ग हा आपला व्यायाम धरू नये, त्यासाठी वेगळा वेळ राखावा. आवाजही जपावा. मोठ्या हॉलमध्ये ओरडण्यापेक्षा कॉलरला लावायचा माइक परवडतो.

आधी प्रश्न, मग आसन

नव्या विद्यार्थ्याकडून लेखी माहिती घ्यावी: रक्तदाब, शस्त्रक्रिया, चालू औषधं, छातीत दुखणं, चक्कर. उत्तरं पाहून आपल्या सूचना बदलतात. उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्याला शीर्षासन, सर्वांगासन देऊ नये आणि वजन उचलताना श्वास कोंडू देऊ नये. हाडं ठिसूळ झालेल्या बाईला पश्चिमोत्तानासनात खोल वाकवलं तर मणक्याला इजा होऊ शकते. तिला पाठ सरळ ठेवूनच शिकवावं. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर व्यायामात एकदम उतरू शकते, म्हणून पिशवीत ग्लुकोज असावं.

'२२० वजा वय' हे नाडीच्या कमाल ठोक्यांचं सूत्र जिमच्या भिंतीवर दिसतं. पण रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी घेणाऱ्याची नाडी फारशी चढतच नाही, तिथे हे सूत्र फसवं ठरतं. अशा वेळी साधी कसोटी बरी: बोलता येतंय पण गाता येत नाही, तर जोर मध्यम आहे. वाक्य तुटत असेल तर थांबवा. छातीत दुखलं किंवा भोवळ आली की वर्ग बाजूला ठेवून दवाखाना. औषध कमी करण्याचा सल्ला शिक्षकाने कधीच देऊ नये.

हिशेब

आता पैसे. समजा बारा जणांची बॅच आणि महिन्याला आठशे रुपये फी, म्हणजे ९,६०० रुपये. त्यातून हॉलचं भाडं, पेट्रोल, चटया आणि पुढच्या प्रशिक्षणाची बेगमी वजा करा. उरतं त्यावर घर चालत नाही, पण हातखर्च सुटतो. मे महिन्यात निम्मी बॅच गावाला जाते, गणपती-दिवाळीत दांड्या पडतात, म्हणून फी तिमाही आणि आगाऊ घेण्याची पद्धत आहे. क्लबहाउस वापरायचं तर सोसायटीच्या कमिटीची लेखी परवानगी घ्यावी. आपण आजारी पडलो तर वर्ग घेईल असा एक जोडीदार शिक्षक हेरून ठेवावा.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आधी वाचावेत. मानधनाचं काम पूर्वपरवानगीशिवाय अंगाशी येऊ शकतं. खासगी नोकरीत नेमणूकपत्रातली अट पाहावी. ही कमाई आयकर विवरणपत्रात दाखवावी लागते. सेवाक्षेत्रात जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीची असल्याने एक-दोन बॅच घेणाऱ्याला तिची चिंता नसते.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली तरी पुढे वीस वर्षं शिकवता येतं, आणि विद्यार्थीही आपल्यासोबतच म्हातारे होत असल्याने त्यांच्या गरजा आपल्याला आधी कळतात. म्हणून घाई नको. पहिलं वर्ष नोकरी न सोडता एकच बॅच घ्यावी. वर्षाच्या शेवटी हजेरीपट उघडावा आणि किती जण आले यापेक्षा किती टिकले ते मोजावं. बारापैकी आठ टिकले असतील तर दुसरी बॅच काढायला हरकत नाही. तीनच उरले असतील, तर त्या तिघांना का थांबलात आणि गेलेल्या नऊ जणांना का सोडलंत, हे विचारावं. पुढे काय शिकायचं ते त्या उत्तरांतून कळेल.