अठरा हजार तीनशे ऐंशी

बिबवेवाडीत महेश सोसायटीच्या चौकात संध्याकाळी सिग्नल लागला की थांबलेल्या दुचाक्यांत एखादी बुलेट हमखास अशी निघते, जिच्या हँडलला पाच रंगांच्या तिबेटी पताका बांधलेल्या असतात आणि मागच्या मडगार्डवर पिवळा स्टिकर असतो : खारदुंग ला, 18,380 फूट. पताका कात्रजच्या धुळीनं करड्या पडलेल्या, स्टिकरचा एक कोपरा सुटलेला. पण गाडी लेहला जाऊन आली आहे हे सांगायचं काम दोघंही इमानानं करत असतात.

स्टिकरवरचा आकडा चुकीचा आहे.

खारदुंग ला ही खिंड 5,359 मीटरवर आहे, म्हणजे साधारण 17,582 फूट. खिंडीतल्या पाटीवर मात्र वर्षानुवर्षं 18,380 लिहिलेलं होतं, आणि त्याच पाटीखाली उभं राहून फोटो काढून मंडळी परत येत. पुढे पाटी बदलली. नव्या पाटीनं 17,982 वर तडजोड केली, तीही चारशे फुटांनी जास्तच. स्टिकर छापणाऱ्यांपर्यंत ही दुरुस्ती सगळीकडे पोहोचलेली दिसत नाही.

ती पाटी लावणारं खातं म्हणजे बॉर्डर रोड्स ऑर्गनायझेशन, बोलीभाषेत बीआरओ. त्याचं मनुष्यबळ म्हणजे जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्स, ऊर्फ ग्रेफ. लडाखच्या ड्रायव्हरांच्या तोंडी हाच शब्द असतो : पुढे ग्रेफवाले काम करताहेत, ग्रेफनं रस्ता उघडला. आता गंमत अशी की या ग्रेफचं केंद्र ना लेहला आहे ना श्रीनगरला. ते पुण्यात, दिघी कॅम्पात आहे. सतरा हजार फुटांवर डोझर चालवणाऱ्या माणसाची नोकरी समुद्रसपाटीपासून साडेअठराशे फुटांवर सुरू होते. आषाढात माउलींची पालखी आळंदीहून पुण्याकडे येते ती याच दिघीवरून.

भरतीच्या वेळी देशभरातली पोरं इथे येतात. एक मैल दहा मिनिटांत धावायचं, मग ज्याच्या त्याच्या ट्रेडची परीक्षा : ड्रायव्हर, व्हेइकल मेकॅनिक, खोदाई यंत्राचा ऑपरेटर, गवंडी, स्वयंपाकी, मेसमधला वाढपी. त्या यादीत आचारी पाहून हसू येईल, पण जिथे कुकर लावल्याशिवाय डाळ शिजत नाही तिथे आचाऱ्याचं मोल डोझरवाल्याइतकंच. रेकॉर्ड ऑफिसही इथेच. सेवेचे कागद, बढती, पेन्शन असं सगळं दिघीला येऊन थांबतं. सैन्यातून बीआरओत जाणाऱ्या अभियंता अधिकाऱ्यांनाही पुणं नवं नसतं. सैन्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय 1948 साली रुरकीहून इथे हललं ते दापोडीलाच स्थिरावलं.

ग्रेफचा माणूस सैनिक की सरकारी नोकर, हा प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो. पगार आणि निवृत्तिवेतन मुलकी नियमांचं, शिस्त मात्र लष्करी कायद्याची. युनियन काढता येत नाही. हे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1983 साली विश्वन खटल्यात न्यायालयानं ग्रेफ हा सशस्त्र दलांचाच अविभाज्य भाग असल्याचा निर्वाळा दिला. शिस्तीपुरता फौजी, पगारापुरता मुलकी : दोन्हीकडचं अवघड तेवढं वाट्याला आलं, असं एखाद्याला वाटलं तर नवल नाही.

बीआरओ स्थापन झाली 7 मे 1960 ला. सुरुवातीचे दोनच प्रकल्प होते. पश्चिमेला काश्मीरसाठी बीकन, पूर्वेला आजच्या अरुणाचलसाठी टस्कर. टस्करचं नाव पुढे वर्तक झालं, आणि मराठी माणसाला तेजपूरकडे या नावाची पाटी पहिल्यांदा दिसली की हे आपल्याकडचे कोण वर्तक, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. मग दीपक आला, लडाखसाठी 1985 साली हिमांक आला, आणि 2010 मध्ये कारगिलकडच्या पट्ट्यासाठी विजयक.

बीआरओचा रस्ता होण्याआधी लेहला जायचं म्हणजे श्रीनगरहून तट्टूंच्या तांड्याबरोबर पंधरवड्याची पायपीट. 24 मे 1948 रोजी एअर कमोडोर मेहरसिंगांनी लेहच्या नदीकाठी डाकोटा विमान उतरवलं. ती धावपट्टी लडाखीच अभियंता सोनम नोर्बू यांनी तयार करून घेतली होती. त्या विमानापुढे गावकऱ्यांनी गवताचे भारे आणून टाकले अशी गोष्ट लडाखमध्ये आवडीनं सांगितली जाते. खरी असेलच असं नाही, पण एवढ्या लांबून आलेल्या जनावराला भूक लागली असणार हा हिशेब तिथल्या पाहुणचाराला शोभणारा आहे. म्हणजे लेहकरांनी विमान आधी पाहिलं, मोटाररस्ता नंतर.

रस्ता बांधणं हे एकदाच करायचं काम नसतं, हे लडाखमध्ये दरवर्षी नव्यानं कळतं. श्रीनगर–लेह रस्त्यावरची झोजी ला फक्त साडेअकरा हजार फुटांवर आहे, खारदुंग लाच्या मानानं ठेंगणीच. पण बर्फ तिथे असं कोसळतं की पूर्वी निम्मं वर्ष रस्ता बंद असे. उघडायचं काम दोन्ही बाजूंनी चालतं. सोनमर्गकडून बीकनचे लोक, द्रासकडून विजयकचे, आणि मधे कुठेतरी दोन यंत्रांची तोंडं समोरासमोर येतात. आता बंदीचा काळ इतका आटलाय की 2025 साली जेमतेम 32 दिवसांत, 1 एप्रिलला, खिंड मोकळी झाली.

डोझरच्या कॅबिनमधून हे काम कसं दिसतं? समोर पांढरं, बाजूला पांढरं. रस्ता कुठे संपतो आणि दरी कुठे सुरू होते हे बर्फ सांगत नाही. ब्लेड एका अंगानं बर्फ कापत दरीकडे लोटतं आणि प्रत्येक फेरीला यंत्र थोडं कडेकडे सरकतं. ऑपरेटरला आवाजावरून कळावं लागतं : ब्लेडखाली डांबर खरवडलं की एक आवाज, सैल दगड लागला की दुसरा. वर माथ्यावर साठलेलं बर्फ इंजिनाच्या घरघरीकडे लक्ष देऊन बसल्यासारखं असतं.

त्याआधी इंजिन सुरू व्हायला हवं. साधं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं गोठतं. मग त्यात रॉकेल मिसळा, नाहीतर टाकीखाली आणि चेंबरखाली शेकोटी पेटवा. दिवसाची सुरुवात यंत्राला शेक देण्यानं. नोव्हेंबर 2019 मध्ये इंडियन ऑइलनं लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं खास हिवाळी डिझेल आणलं. सरहद्दीच्या इतिहासात करारांना मोठं पान मिळतं, पण तिथल्या ड्रायव्हरच्या सकाळी या डिझेलनं जेवढ्या बदलल्या तेवढ्या फार थोड्या करारांनी बदलल्या असतील.

उन्हाळ्याचे चार-पाच महिने डांबराचे. तेव्हा रस्त्याच्या कडेला डांबराची पिंपं तापत असतात आणि धुरात तोंडं काळी झालेली माणसं खडी पसरत असतात. हे ग्रेफचे कायम नोकर नव्हेत, हंगामी मजूर. त्यांतले बरेच झारखंडच्या दुमका भागातले. जून 2020 मध्ये, टाळेबंदीत सगळा देश घराकडे परतत असताना, दुमक्याहून एक खास रेल्वेगाडी याच मजुरांना घेऊन उलट्या दिशेनं, लडाखच्या वाटेला लागली होती.

आणि मग त्या पाट्या. पिवळ्यावर काळी अक्षरं, वळणावळणावर. ‘आफ्टर व्हिस्की, ड्रायव्हिंग रिस्की.’ ‘बेटर मिस्टर लेट दॅन लेट मिस्टर.’ ‘डार्लिंग आय लाइक यू, बट नॉट सो फास्ट.’ पुणेकराला पाटीचं कौतुक नवं नाही, पण जातकुळी अगदी वेगळी. पुणेरी पाटी समोरचा मूर्ख आहे हे गृहीत धरून लिहिलेली असते. ग्रेफची पाटी समोरचा जिवंत राहावा म्हणून जरा लाडात येते, क्वचित चावटपणाही करते. त्यातल्या काही बायकांच्या अंगानं जाणाऱ्या विनोदांवर टीकाही झाली आहे, आणि ती वाजवी आहे. पण अशा एखाद्या पाटीपासून थोड्या अंतरावर रस्त्याच्या कामात गेलेल्यांचं छोटं स्मारक लागतं. ते पाहिल्यावर यमक जुळवणाऱ्याला नेमकी कशाची धास्ती होती ते कळतं.

खारदुंग लाचा रस्ता 1976 साली झाला आणि सर्वसामान्यांच्या गाड्यांना 1988 मध्ये खुला झाला. त्याच्या पलीकडे नुब्रा आणि सियाचिनची वाट, म्हणून हा खटाटोप. माथ्यावर हवा इतकी विरळ की श्वासागणिक समुद्रकाठच्या जवळपास निम्माच प्राणवायू मिळतो. वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका, असंही एक पाटीच सांगते. तेवढ्या वेळात चहा, फोटो आणि स्टिकर.

जगातला सर्वांत उंच मोटाररस्ता हा खारदुंग लाचा दावा तर केव्हाच गेला. चिसुमले–देमचोक रस्त्यावरच्या उमलिंग लाला 19,024 फुटांसाठी 2021 साली गिनीजचं प्रमाणपत्र मिळालं. ऑक्टोबर 2025 मध्ये हिमांकचेच लोक रस्ता करत मिग लावर पोहोचले, 19,400 फुटांवर. महेश सोसायटीच्या चौकातल्या काही बुलेटांवर उमलिंग लाचा स्टिकर आताशा दिसतो, जुन्या 18,380 च्या बरोबर वर चिकटवलेला. जुना कुणी काढत नाही. नंबरप्लेटच्या वर अजून एका स्टिकरपुरती जागा असते.