कॉमिकचं मूळ पान: रद्दी की ठेवा?



सातवीच्या वर्गात चित्रकथेवर बोलत होते. बोलता बोलता मी मुलांना सांगितलं की कॉमिकमधल्या एका पानाला लिलावात जवळजवळ पंचवीस कोटी रुपये मिळाले आहेत. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "बाई, अख्खं कॉमिक शंभर रुपयांत मिळतं. मग एकाच पानाला एवढे पैसे कसे?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर शोधताना मलाच बरंच काही शिकायला मिळालं. तेच आज तुमच्यासाठी लिहिते आहे.

मूळ पान म्हणजे काय?

आपण विकत घेतो ते कॉमिक म्हणजे छापील प्रत. तशा लाखो प्रती निघतात. पण छपाईच्या आधी कुणीतरी ते पान हाताने काढलेलं असतं. तो कागद जगात एकच असतो. त्यालाच कॉमिकचं मूळ चित्र म्हणतात, आणि संग्राहक जमवतात ते हेच.

अमेरिकन कॉमिक्सची पद्धत पाहू. ब्रिस्टल बोर्ड नावाच्या जाड, गुळगुळीत कागदावर एक चित्रकार पेन्सिलने पान काढतो. त्यावर शाईचं काम बरेचदा दुसराच कलाकार ब्रशने किंवा टाकाने करतो. फुग्यांतले संवाद लिहिणारा आणखी तिसरा. हे पान छापील पानापेक्षा मोठं असतं. पूर्वी चित्राचा भाग साधारण १२ × १८ इंच असायचा, १९६७च्या सुमारास तो १० × १५ इंचांवर आला. मोठं काढून लहान छापलं की रेषा अधिक नेटकी दिसते.

मुलांना सर्वांत नवल वाटतं ते याचं, की ही पानं बहुतेक काळी-पांढरीच असतात. रंगाचं काम वेगळं होतं, मूळ पानावर नाही. त्यामुळे छापील पान आणि मूळ पान शेजारी ठेवलं, तर मूळ पान आधी फिकं वाटतं. जवळून पाहिलं की मात्र ते बोलायला लागतं. पुसलेली पेन्सिल दिसते. छपाईच्या कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या फिक्या निळ्या पेन्सिलीच्या खुणा दिसतात. चुकीवर लावलेला पांढरा रंग, कापून चिकटवलेले संवाद, समासात संपादकाने लिहिलेल्या सूचना, सगळं दिसतं.

स्पायडरमॅनचं पहिलं पान कुठे आहे?

१९६२ साली 'अमेझिंग फँटसी'च्या १५व्या अंकात स्पायडरमॅन पहिल्यांदा आला. लेखक स्टॅन ली, चित्रकार स्टीव्ह डिटको. त्या अंकाची सगळी २४ मूळ पानं २००८ साली एका व्यक्तीने अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली. तीही स्वतःचं नाव जाहीर न करता! आज ती पानं सार्वजनिक ठेवा आहेत.

त्यातल्या एका पानाच्या समासात ली यांची पेन्सिलने लिहिलेली सूचना आहे. गाडी बंद टपाची दाखव, बाहेर हात लोंबकळताना नकोत, बेफाम गाडी चालवल्यासारखं वाटायला नको, अशा अर्थाची. छापील अंकात ही ओळ कुठेच नाही. आपल्या लहान वाचकांसमोर काय जावं याचा विचार संपादक करत होता, हे फक्त मूळ पानच सांगतं.

पंचवीस कोटींचं उत्तर

जानेवारी २०२२मध्ये अमेरिकेतल्या डॅलस इथल्या लिलावात 'सीक्रेट वॉर्स'च्या ८व्या अंकातलं २५वं पान ३३ लाख ६० हजार डॉलरना गेलं. चित्रकार माइक झेक, साल १९८४. स्पायडरमॅनचा काळा पोशाख कुठून आला ते या पानावर दिसतं. त्याच्या वर्षभर आधी पॅरिसमध्ये हर्जे यांनी 'टिनटिन'च्या 'ब्लू लोटस'साठी १९३६ साली रंगवलेलं, पण छपाईला महाग पडेल म्हणून न वापरलेलं मुखपृष्ठ सुमारे ३२ लाख युरोंना विकलं गेलं होतं. म्हणजे नाकारलेलं चित्र!

किंमत ठरते ती साधारण अशी: चित्रकार कोण, पात्र कोणतं, प्रसंग कोणता. मुखपृष्ठाला सर्वांत जास्त मान, मग पूर्ण पानभर एकच चित्र असेल त्याला, मग चौकटींच्या साध्या पानाला. साध्या पानातही नायक त्याच्या पोशाखात असेल तर भाव वाढतो. पण हे आकडे म्हणजे शिखरं आहेत. नव्या किंवा कमी प्रसिद्ध चित्रकारांची पानं पुष्कळ स्वस्त असतात, आणि बरेच संग्राहक कॉमिक संमेलनात थेट चित्रकाराकडूनच ती घेतात. पैसे करणाऱ्याच्या हातात जातात, आणि पान खरं आहे की नाही ही शंकाही उरत नाही. इतरत्र घेताना मात्र छापील अंक शेजारी ठेवून रेष न् रेष ताडून पाहावी लागते, कारण नकलाही होतात.

आता अनेक चित्रकार थेट संगणकाच्या पडद्यावर काढतात. तिथे मूळ कागदच नसतो. त्यामुळे जुन्या पानांचं मोल अधिकच जाणवतं.

पान कुणाचं?

आता या गोष्टीची दुखरी बाजू. कित्येक वर्षं अमेरिकन प्रकाशक ही पानं आपलीच मानत. छपाई झाली की त्यांची किंमत संपली. काही फाडली गेली, काही पाहुण्यांना भेट दिली, काही चोरीला गेली. चित्रकाराला ती परत द्यायची प्रथा १९७०च्या दशकात सुरू झाली.

जॅक कर्बी यांनी फँटास्टिक फोर, हल्क, थॉर यांना रूप दिलं. १९८०च्या दशकात जुनी पानं परत करताना कंपनीने इतर चित्रकारांना एका पानाचा करार दिला आणि कर्बींपुढे चार पानांचा ठेवला. त्यांनी सही नाकारली. सहकारी आणि वाचक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अखेर १९८७ साली त्यांना सुमारे दोन हजार पानं मिळाली. त्यांनी काढलेल्या पानांच्या मानाने हा अगदी छोटा हिस्सा होता.

एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. पान विकत घेतलं म्हणजे ते छापायचा हक्क मिळत नाही. कागद तुमचा झाला, तरी छापायचा हक्क ज्याचा त्याच्याकडेच राहतो. हा फरक मोठ्यांनाही अनेकदा ठाऊक नसतो.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेली अमर चित्र कथा घ्या. राम वाईरकर, पुण्याचे प्रताप मुळीक, दिलीप कदम या आपल्याच माणसांनी ती चितारली. वाईरकरांचा सुपंडी तर घराघरात पोचला. पुस्तकं आपण जपली, पण ज्या कागदावर त्यांचा हात फिरला त्याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला?

माझी चूक, आणि एक उपक्रम

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत हस्तलिखित काढलं. एका मुलाने चार पानांची चित्रकथा काढली होती. वर्ष संपलं, कपाट रिकामं करायचं होतं, मी तो गठ्ठा रद्दीत दिला. जूनमध्ये तो विचारायला आला, "बाई, माझी पानं परत मिळतील?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कर्बींची हकिकत वाचताना मला तोच मुलगा आठवला.

तेव्हापासून वर्गात हे करते. तुम्हीही करून पाहा.

१. मुलांना एका पानाची चित्रकथा काढू द्या. कच्चं काम पुसायला लावू नका.
२. पानामागे नाव, तारीख आणि कुणी काय केलं ते पेन्सिलने लिहून घ्या.
३. भिंतीवर झेरॉक्स लावा, मूळ पान मुलालाच परत द्या. शाळेला ठेवायचं असेल तर त्याला विचारा.
४. घरी जपताना सेलोटेप नको, लॅमिनेशन नको. उन्हात लावू नका, स्केचपेनचा रंग उडतो. पावसाळ्यात दमट भिंतीला टेकवून ठेवू नका, कसर लागते. सपाट फाइलमध्ये, मध्ये कोरा कागद घालून ठेवा.

प्रत्येक पान कोटींना जाणार नाही, आणि जायला नकोच. पण खाडाखोड म्हणजे विचार करतानाचा हात असतो. तो हात कुणाचा, हे विसरायचं नाही, एवढं मुलांना कळलं तरी पुष्कळ झालं.