चित्रकाराच्या घरातील इतरांची चित्रे

जॉन मेनार्ड केन्स हे नाव आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असते ते बेकारी, तुटीचा अर्थसंकल्प आणि सार्वजनिक खर्च यांच्या संदर्भात. क्रमिक पुस्तकांत न आढळणारा त्याचा एक व्यवहार मार्च १९१८ मधील आहे. पहिले महायुद्ध चालू होते आणि केन्स ब्रिटिश अर्थखात्यात परदेशी देण्याघेण्याचा विभाग सांभाळीत होता. एद्गार दगा हा फ्रेंच चित्रकार सप्टेंबर १९१७ मध्ये वारला होता आणि त्याच्या घरातील चित्रांचा पॅरिसमध्ये लिलाव व्हावयाचा होता. डंकन ग्रँट या चित्रकार मित्राने ही वार्ता केन्सच्या कानी घातली. ब्रिटनने फ्रान्सला युद्धासाठी मोठी कर्जे दिलेली होती. त्या खात्यात काही चित्रे वळती झाली तर बिघडले कोठे, असा युक्तिवाद करून त्याने लंडनच्या नॅशनल गॅलरीसाठी वीस हजार पौंड मंजूर करून घेतले. गॅलरीचा संचालक चार्ल्स होम्स ओळख पटू नये म्हणून मिशा उतरवून पॅरिसला गेला. शहरावर लांब पल्ल्याच्या जर्मन तोफेचे गोळे पडत होते. अशा वेळी भाव उतरलेले असणारच. तरीही होम्स सुमारे पाच हजार पौंड शिल्लक घेऊन परतला आणि सेझानचे एकही चित्र त्याने घेतले नाही. सरकारी पैसा वाचविण्याची ही हौस आपल्यालाही अपरिचित नाही. केन्सने मात्र स्वतःच्या खिशातून सेझानची छोटी सफरचंदे ३२७ पौंडांना घेतली आणि ससेक्समधील मित्रांच्या शेतघरी जाताना, सामान जड झाले म्हणून, ते चित्र वाटेवरच्या कुंपणात ठेवून तो पुढे गेला!

हा किस्सा सांगण्याचे कारण असे की, ज्या लिलावाकडे लंडनचे डोळे लागले होते तो दगाने काढलेल्या चित्रांचा लिलाव नव्हता. ती चित्रे पुढे वेगळी विकली गेली. हा लिलाव होता त्याने आयुष्यभर जमविलेल्या इतरांच्या चित्रांचा. अँग्रची वीसएक तैलचित्रे व त्याची कितीतरी रेखाटने, दलाक्र्वा, माने, सेझान, गोगँ आणि दोमियेची शेकड्यांनी शिळाछापे असा तो ऐवज होता. पॅरिसच्या व्हिक्टर मासे रस्त्यावर दगाने एका इमारतीचे तीन मजले भाड्याने घेतले होते. एकावर तो राही, एकावर त्याची कार्यशाळा होती आणि एक मजला या संग्रहासाठी होता. तेथे कोणालाही प्रवेश नसे. ज्याला मिळे त्याला दगा चित्रकार म्हणून काय पाहत होता, कोणाला गुरू मानीत होता, हे त्याच्या एखाद्या व्याख्यानापेक्षा अधिक स्पष्टपणे कळे. चित्रकाराच्या घरी जाण्याचे खरे प्रयोजन हेच असते. त्याची स्वतःची चित्रे प्रदर्शनात पाहावयास मिळतातच. त्याच्या पलंगासमोर कोणाचे चित्र टांगलेले आहे, हे घरीच कळते.

अशा संग्रहाला आपण सरसकट 'संपत्ती' म्हणतो आणि येथेच गफलत होते. व्यापाऱ्याच्या तिजोरीतील चित्र हे साठविलेले मूल्य असते. भाव चढला की ते बाहेर पडते. चित्रकाराच्या भिंतीवरील चित्र हे सुताराच्या रंध्यासारखे किंवा विणकराच्या मागासारखे असते. अर्थशास्त्राच्या भाषेत ती उत्पादक भांडवली वस्तू होय. दगा पुष्कळदा रोख पैसे न देता विक्रेत्याला आपलीच चित्रे देई आणि बदल्यात इतरांची घेई. गोगँने १८९५ साली ताहितीला परत जाण्यासाठी आपल्या चित्रांचा लिलाव केला तेव्हा खरेदीदारांत दगा होता. मानेच्या मृत्यूनंतर त्याच्या 'मॅक्सिमिलियनचा वध' या मोठ्या चित्राचे घरच्यांनीच तुकडे केले होते व ते वेगवेगळे विकले गेले होते. दगाने ते सापडतील तसे शोधून काढले आणि एका नव्या कापडावर आपापल्या जागी चिकटविले. जे तुकडे मिळाले नाहीत तेथे मोकळी जागा ठेवली. १९१८ च्या त्या खरेदीत हे तुकडे लंडनला गेले, तेथे ते पुन्हा सुटे झाले आणि १९९२ मध्ये दगाच्याच पद्धतीने पुन्हा एका कापडावर आणले गेले. एखाद्या सहकाऱ्याविषयीचा आदर व्यक्त करण्याचा याहून कष्टाळू मार्ग मला ठाऊक नाही.

या संग्रहाचे संग्रहालय करावे असे दगाच्या मनात काही काळ होते. गुस्ताव्ह मोरो या चित्रकाराचे घर त्याच्या इच्छेनुसार १९०३ मध्ये संग्रहालय म्हणून उघडले. ते पाहून दगाला तेथे थडग्यात शिरल्यासारखे वाटले आणि त्याने तो विचार सोडून दिला. १९१२ मध्ये इमारत पाडावयाची म्हणून म्हाताऱ्या दगाला घर सोडावे लागले. नव्या जागेत चित्रे भिंतीला टेकूनच राहिली. पुढे लिलावाचा हातोडा पडला आणि संग्रह जगभर पांगला. तथापि लिलावाच्या सूचीपत्रांत वस्तू नोंदलेल्या होत्या. त्या नोंदींचा माग काढीत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९९७ मध्ये दगाच्या संग्रहाचे मोठे प्रदर्शन भरविले. भिंती गेल्या होत्या, पण यादी राहिली होती.

यादीचे सामर्थ्य याहून विलक्षण रीतीने दिसते ते ॲमस्टरडॅममध्ये. रेम्ब्रांने १६३९ साली तेरा हजार गिल्डरांना एक प्रशस्त घर घेतले आणि ते हप्ते फेडण्याऐवजी चित्रे, शिल्पे, शिरस्त्राणे, शिंपले आणि छापचित्रांच्या वह्या यांनी भरून टाकले. १६५६ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. धनकोंच्या हितासाठी जुलै महिन्यात कारकून घरात शिरले आणि खोलीवार ३६३ नोंदींची यादी करून गेले. त्यांना कलेशी काही कर्तव्य नव्हते, वसुलीशी होते. त्याच यादीवरून १९९० नंतरच्या दशकात ते घर पुन्हा पूर्वीसारखे मांडले गेले आणि आज कोणीही तिकीट काढून त्या खोल्यांतून हिंडू शकतो. आपल्या दृष्टीने कुतूहलाची गोष्ट अशी की, रेम्ब्रांने मोगल लघुचित्रांवरून केलेली वीसाहून अधिक रेखाटने उपलब्ध आहेत. जहांगीर आणि शहाजहान डच शाईत उतरलेले त्यांत दिसतात. ती मूळ चित्रे त्याच्या स्वतःच्या संग्रहात असावीत, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. सुरतेच्या वखारीतून माल नेणाऱ्या डच जहाजांनी मिरी आणि कापडाबरोबर आणखी काय नेले, याचा हा एक पुरावा!

संग्रह अखंड राखावयाचा तर दोन मार्ग दिसतात. एक म्हणजे मालकाने हयातीतच तजवीज करणे. लंडनचा वास्तुशिल्पकार सर जॉन सोन याने १८३३ मध्ये पार्लमेंटकडून खास कायदा करवून आपले घर होगार्थच्या चित्रमालेसह राष्ट्राला दिले आणि खर्चासाठी निधीही ठेवला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो अपुरा ठरला व सरकारी अनुदान घ्यावे लागले. निधी पैशात मोजलेला असला की महागाई त्याला खाते, हे सोनला कोणी सांगितले नसावे. दुसरा मार्ग करव्यवस्थेतून जातो. ल्यूशन फ्रॉइड हा चित्रकार २०११ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या घरातील कोरोचे एक चित्र वारसाकराच्या भरण्यापोटी सरकारने स्वीकारले व ते नॅशनल गॅलरीत आले. फ्रान्समध्ये १९६८ च्या कायद्याने हीच सोय झाली. पॅरिसचे पिकासो संग्रहालय मुख्यत्वे तिच्यामुळे उभे राहिले. भारतात १९५३ पासून असलेली इस्टेट ड्यूटी १९८५ साली रद्द झाली. ती वसुलीच्या मानाने खर्चिक होती हे खरे. परंतु करच नसला की कराच्या बदल्यात चित्र देण्याची गोष्टही उरत नाही, याचा विचार त्या वेळी झाल्याचे दिसत नाही. १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी अधिनियम शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना आणि रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय आदी नऊ कलावंतांच्या कृतींना देशाबाहेर जाऊ देत नाही. देशातल्या देशात, एखाद्या उपनगरातील माळ्यावर त्यांचे काय होते, हा त्याचा विषय नव्हे.

महाराष्ट्रात पहिल्या मार्गाची उदाहरणे नाहीत असे नाही. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी जमविलेली चित्रे-शिल्पे यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये बांधलेल्या संग्रहालयात आजही पाहता येतात, आणि हेन्री मूरचे शिल्प सातारा जिल्ह्यात कसे, असे नवख्या प्रेक्षकाला आश्चर्य वाटते. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर यांनी आपला सुमारे वीस हजार वस्तूंचा संग्रह १९७५ साली राज्य शासनाच्या स्वाधीन केला. अलिबागजवळ सासवणे येथे शिल्पकार करमरकरांचे घर कुटुंबीयांनी लोकांसाठी खुले ठेवले आहे. तेथे अर्थात त्यांची स्वतःचीच शिल्पे आहेत. परंतु पंतप्रतिनिधी संस्थानिक होते आणि केळकरांची चिकाटी दुर्मीळ. सामान्य चित्रकार, कलाशिक्षक यांच्याकडे डोंगर नसतो; दोन-तीन खोल्या असतात. त्यांत गुरूने दिलेले एखादे जलरंगचित्र, वर्गमित्राने बदल्यात दिलेले रेखाटन, न परवडता घेतलेला एखादा ठसा असतो. इमारत पुनर्विकासाला गेली, मुले परगावी असली, की या वस्तूंची वासलात चार दिवसांत लागते. सहीचे चित्र विक्रेत्याकडे जाते, बिनसहीचे रद्दीत. ते कोणी, कोणाला, का दिले होते हे सांगणारा माणूस मात्र आधीच गेलेला असतो.

ही चित्रे शासनाने ताब्यात घ्यावीत असे मी म्हणणार नाही. आहेत त्या संग्रहालयांची डागडुजी करताना शासन मेटाकुटीस येते. शिवाय वारसांची मालकी ही वारसांचीच. रेम्ब्रांच्या घरी धनकोंच्या कारकुनांनी जे दोन दिवसांत केले, ते मात्र सन्मानाने आणि निमंत्रणाने करता येण्याजोगे आहे. कलामहाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आपल्या गावातील ज्येष्ठ चित्रकारांच्या घरी पाठवावे आणि खोलीवार यादी करवून घ्यावी: चित्र कोणाचे, कसे आले, कोणत्या भिंतीवर आहे, चौकटीच्या पाठीमागे काय लिहिलेले आहे. हे काम परीक्षेच्या गुणांत धरावे, म्हणजे ते होईल. चोराचिलटांची आणि प्राप्तिकर खात्याची भीती घरमालकाला वाटेल, ती अनाठायी नाही. म्हणून यादीची एक प्रत घरमालकाकडे व दुसरी महाविद्यालयाच्या कपाटात मोहोरबंद राहावी आणि ती केव्हा उघडावी हे त्यानेच लिहून द्यावे. खर्च म्हणाल तर एसटीचे भाडे आणि एक जाड वही. विद्यार्थ्याचा लाभ निराळाच. एरवी ज्या घराचा उंबरठा ओलांडण्याचे धाडस त्याला झाले नसते, तेथे बसून, चहा घेत, एकेका चित्रासंबंधी तो प्रश्न विचारू शकेल. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयाने दिवाळीच्या सुटीपूर्वी दोन घरे जरी निवडली, तरी प्रारंभाला तेवढे पुरे.